आपट्याला नानांचे पाय बघायला

फलटणच्या स्टँडवर सकाळी सहाच्या मुंबई गाडीत मला बसवून द्यायला माझी धाकटी जाऊ कमल आली होती. खिडकीतून तिने डबा आत दिला, पाण्याची बाटली दिली आणि मग गाडी सुटेपर्यंत खाली नुसती उभी राहिली. शेवटी म्हणाली, "अक्का, नीट बघून या. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही बघितलं की मी बघितल्यासारखंच आहे."

हे वाक्य पोटात धरून मी पनवेलला निघाले. माणसं प्रवासाला निघतात ती देव बघायला, डोंगर बघायला, नाहीतर लेकीचं बाळंतपण करायला. मी एकाहत्तराव्या वर्षी निघाले होते एका म्हाताऱ्या माणसाची तब्येत बघायला, आणि तो माणूस माझ्या नात्याचा ना गोत्याचा.

तर आधी तेवढं सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. एक कंपनी आहे, नाव लिहीत नाही. तिला होल्डिंग कंपनी म्हणतात. म्हणजे ती स्वतः ना साबण करते ना सायकल. दुसऱ्या बऱ्याच कंपन्यांतला हिस्सा तिच्याकडे असतो. कुठे गोदामं, कुठे ट्रक, कुठे रंगाचा कारखाना. कशात पैसे घालायचे आणि कशातून कधी निघायचं, हे ठरवणारा माणूस एकच. त्यांना सगळे नाना म्हणतात. नव्वदीला टेकलेत. नानांनी अमुक घेतलं एवढं कळलं की मोठमोठे लोक तेच घ्यायला धावतात, अशी त्यांची ख्याती.

मी सातवी शिकलेली, ब्लाउज शिवणारी बाई. मापं बेतायला जुने पेपर लागायचे. त्यातलं बाजाराचं पान कात्री लावायच्या आधी वाचून काढायची मला खोड. असं वाचत वाचतच शिकले. यजमान गेल्यावर त्यांच्या फंडाचे पैसे मी नानांच्या कंपनीत घातले. बरं झालं. मग माझा दीर, म्हणजे कमलचा नवरा, तोही गेला. तिला मूलबाळ नाही. घर विकून तिच्या वाट्याला जे आलं ते तिने माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, तुम्ही सांगाल तसं. मी म्हटलं, माझ्याबरोबर घाल. तिचं सगळं म्हातारपण माझ्या एका शब्दावर उभं आहे. तिचं खातंसुद्धा माझ्याच फोनवर.

आणि या भाद्रपदात, गौरी उठल्या त्याच दिवशी, कुणीतरी फोनवर पाठवलं की नाना अंथरुणाला खिळलेत. खरं-खोटं देव जाणे. पण तेव्हापासून माझा घास गिळायचा राहिला. कंपनीची वार्षिक सभा पनवेलला असते. हल्ली बाकीच्यांच्या सभा फोनवरच उरकतात, पण नानांना माणसं समोर लागतात. म्हटलं, जाऊन डोळ्यांनीच बघू.

लोणंद गेलं, शिरवळ गेलं, पुणं गेलं. घाट उतरताना दरी पांढऱ्या ढगांनी भरली होती आणि पलीकडच्या कड्यावरून पाण्याच्या चार-पाच धारा पडत होत्या. शेजारची पोरगी खिडकीतून फोटो काढत होती. मी डब्यातली भाकरी तशीच ठेवली. अशा वेळी माणसाला दरीसुद्धा दरी दिसत नाही, शेअरच्या भावाचा आलेख दिसतो.

पनवेलला उतरले ती हवा अंगाला चिकटलीच. आमच्याकडचं ऊन कोरडं, इथलं ओल्या फडक्यासारखं. रस्त्याला न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणारे कंटेनर, एकामागे एक, घराएवढाले. रस्ता ओलांडायला मी दहा मिनिटं उभी होते. एक फुलवाली म्हणाली, "मावशी, ते काय थांबायचे नाहीत, तुम्ही हात करून चाला." मी हात केला आणि डोळे मिटूनच गेले.

माझी भाची रेखा विचुंब्याला राहते. नवीन पनवेलला लागून गाव, पण गाव कुठलं, इमारतीच इमारती. ती कामावर असते, म्हणून किल्ली तिने खाली घरमालकिणीकडे ठेवली होती. हिराबाई त्यांचं नाव. माझ्याच वयाच्या, काळ्यासावळ्या, दंडाला अजून ताकद असलेल्या. पूर्वी त्यांची मिठागरं (समुद्राचं पाणी अडवून मीठ पिकवायची शेतं) होती. जमिनी गेल्या, मोबदला आला, इमारत उभी राहिली. किल्ली देता देता त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"फलटनवरना सभेला आल्यात म्हनं तुमी? मंग तुमचे पन हायत का नानाकडं?"

"आहेत," मी म्हटलं. "माझे आणि जावेचे."

"मंग जेवायला बसा आधी. नानाची मानसं म्हंजे आपलीच."

तांदळाची भाकरी, वालाची आमटी आणि जवळा (अगदी बारीक सुकी कोळंबी) कांद्यात परतलेला. भाकरी इतकी पांढरी आणि मऊ की मी तिसरी मागून घेतली. चार दिवसांत पोटभर जेवण ते एवढंच. जेवता जेवता मी भीत भीत विचारलं, "नाना अंथरुणाला खिळलेत म्हणतात, खरं का हो?"

"काय म्हाईत बाय. आमी उद्या सकाली बघनारच हाव."

मग त्यांनी मला तिथली रीत सांगितली. नानांचं घर आपट्याला, पाताळगंगेच्या काठी. रोज सकाळी ते घरापासून नदीच्या पायऱ्यांपर्यंत चालत जातात आणि परत येतात. सभेच्या दिवशी आसपासच्या गावांतले जुने भागधारक त्या रस्त्यावर जाऊन थांबतात. कुणी केळी घेतं, कुणी उगाच गाडीचं चाक तपासतं. नाना समोरून गेले की घरी. नमस्कार नाही, बोलणं नाही. ह्याला ते 'पाय बघायला जाणं' म्हणतात.

"त्यो कंपनीचा पुस्तक येतो जाडा, त्यातला आमाला काय कलतं?" हिराबाई म्हणाल्या. "पाय कलतात. टाच उचलून टाकतो का घासतो, काठीवर भार किती हाय. माजा सासरा असाच बघायचा. बैल घेताना तोंड बघायचा आनि नाना बघताना पाय."

मला हसू आलं, आणि पाठोपाठ लाजही वाटली, कारण मीसुद्धा दोनशे किलोमीटरवरून त्याचसाठी आले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही रिक्षाने निघालो. पळस्पे फाटा सोडला, गोवा हायवेला लागलो. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं आणि मधूनच गोदामांचे लांबच लांब पत्रे. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "पाय बघायला का?" हिराबाईंनी मान हलवली. "बघून आल्यावर मला बी सांगा," तो म्हणाला. "माझ्या बायकोने घातलेत. मी नको म्हनत होतो."

आपटं दिसायला इतकं गोड गाव आहे की अशा कामाला तिथे जाऊ नये. नदी काठोकाठ भरलेली, पाणी गढूळ पण संथ, पलीकडे डोंगरावर धुक्याची पट्टी. रस्त्यावर मात्र सातालाच वीसेक माणसं उभी, आणि सगळी काहीतरी करत असल्यासारखी. एक गृहस्थ तर बंद दुकानापुढे पिशवी घेऊन रांगेत उभे होते. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. देवळाबाहेरची गर्दी बोलते तरी. ही बोलतही नव्हती.

अजून अवकाश होता, म्हणून मी म्हटलं, नदी तरी जवळून बघू. रस्ता संपतो तिथे एका जुन्या देवळाची भिंत आहे. तिला वळसा घातला की पायऱ्या, आणि तिथून रस्ता दिसत नाही. आम्ही दोघी खाली जाऊन बसलो. हिराबाई पाण्यात पाय सोडून त्यांच्या मिठागराच्या गोष्टी सांगायला लागल्या.

तेवढ्यात वरून काठीचा आवाज आला. टक, टक, अगदी तालात. भिंतीच्या कडेला पांढरं धोतर दिसलं, काळी टोपी दिसली. फोटोत बघितलेला चेहरा. चाल ताठ. माझ्या मनात आलं, चला, कमल वाचली.

नाना भिंतीच्या आड आले, रस्त्यावरून दिसेनासे झाले, आणि त्याच क्षणी त्यांच्या पायातलं सगळं बळच गेलं. काठी सुटली. हात भिंतीवरून घसरत आला आणि ते तसेच खाली बसले. घामाने चेहरा निथळत होता, ओठ पांढरे.

आम्ही दोघी धावलो. "आवो नाना, काय झाला तुमाला?" हिराबाईंनी त्यांचं डोकं धरलं.

"हिराबाई का? बरं झालं तूच आहेस." दर दोन शब्दांमागे एक धाप. जुन्या भागधारकांना ते नावानिशी ओळखत असावेत. "बसू दे जरा. ओरडू नका. कुणाला बोलावू नका."

त्यांच्या मागून एक बाई पायऱ्या उतरून आल्या. पन्नाशीच्या, साध्या साडीतल्या, खांद्याला कापडी पिशवी. नानांची सून. त्यांनी पिशवीतून घडीचं स्टूल काढलं, पाण्याची बाटली काढली, गोळी काढली. हात कुठेही अडखळला नाही. रोजचं काम होतं ते.

"रोज इथेच बसतात," त्या आमच्याकडे न बघता म्हणाल्या. "कमरेचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करून बसवलंय. डॉक्टरांनी पाय टेकायला मनाई केलीय. ऐकत नाहीत."

मला राहवलं नाही. "मग चालता कशाला हो नाना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे मात्र लख्ख होते. "तुम्ही कुठल्या?"

"फलटणच्या. सुमन. भागधारक."

"फलटणहून पाय बघायला आलात?"

मी मान खाली घातली.

"मागे तापाने चार दिवस घरात होतो," नाना म्हणाले. "आठवतं का तेव्हा काय झालं?"

न आठवून कसं चालेल? त्या चार दिवसांत भाव असा कोसळला होता की मी कमलपासून पेपर लपवून ठेवला होता.

"कंपनीला काही झालं नव्हतं. ट्रक चालू होते, गोदामं भरलेली होती. मी तेवढा दिसलो नव्हतो. आता सगळं ही बघते, आठ वर्षं झाली. काय घ्यायचं, काय सोडायचं, सगळं हीच. माझ्याकडे हे एवढं चालणं राहिलंय." आणि त्यांनी सुनेपुढे हात केला. "उठव. उशीर झाला तर वरच्यांना शंका येईल."

सांगते ना, मला जी भीती वाटली ती त्यांच्या पडण्याची नाही. आठ वर्षं आम्ही ज्या माणसाच्या डोक्यावर पैसे लावले होते, ते डोकं कामातून केव्हाच बाजूला झालेलं होतं, आणि ज्या बाईवर सगळं होतं तिचं नावही मला ठाऊक नव्हतं. खरं असेल का? ती हुशार असेल का? मला काय कळणार, मी तिला बघितलं ते पिशवीतून स्टूल काढताना.

त्यांना उठवताना माझा पाय शेवाळावरून सरकला आणि घोटा मुरगळला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण नाना काठी टेकत भिंतीबाहेर निघाले होते, सगळा रस्ता बघत होता, म्हणून मीही ओठ दाबून सरळ चालले. पुढे नाना ताठ, मागे मी ताठ. वीस माणसांनी त्यांचे पाय बघितले आणि पिशव्या उचलून ती समाधानाने आपापल्या घरी निघाली. आम्ही रिक्षात बसलो. "चालतोय ना?" रिक्षावाल्याने विचारलं. "पनवेलला चल," हिराबाई म्हणाल्या.

सभा अकराला, पनवेलमधल्या एका मंगल कार्यालयात. आम्ही नऊलाच जाऊन मागच्या खुर्च्यांवर बसलो. घोटा सुजून चपलेच्या पट्ट्याबाहेर आला होता. सव्वानऊला बाजार उघडला. मी फोन काढला. माझं खातं, मग कमलचं खातं. विकायचं लाल बटण. दोनदा अंगठा दाबायचा, बास.

हिराबाई कानाशी आल्या. "इकताव का?"

"माहीत नाही."

"तुमी इकलं तर मला सांगा. मी पन इकीन. माजा नातू करून देल." थोडं थांबून म्हणाल्या, "मला काय कलतं ग बाय. तुमाला कलतं."

झालं. फलटणला एक कमल होती, आता पनवेलला दुसरी झाली.

अंगठा बटणाच्या वर धरून मी बसले. नाना पडलेले फक्त आम्ही बघितलेत. विकून मोकळं होणं हाच शहाणपणा, असं मी दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं. पण मी विकलं की कुणीतरी घेणार. नाना आज सकाळी ताठ चालले, ही बातमी एव्हाना फोनाफोनी पसरली असेल, आणि तेवढ्यावर विश्वासून घेणारी कुठल्या तरी गावातली एखादी जाऊच असेल. तिच्या गळ्यात हे टाकून मी गाडीत बसायचं? आणि न विकावं, तर माझ्या कमलचं काय? साडेनऊ झाले, दहा झाले, साडेदहा झाले. फोनचा उजेड विझायचा, मी परत लावायचे.

शेवटी मी फोन पर्समध्ये टाकला आणि लंगडत दाराशी जाऊन चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. सभेत बोलायचं असेल तर अशी चिठ्ठी द्यावी लागते.

नाना आले, तीन पायऱ्या चढून मंचावर गेले. सगळा हॉल त्या तीन पायऱ्या श्वास रोखून बघत होता. दोन-तीन लोक बोलले, बोनसचं विचारलं, लाभांशाचं विचारलं. मग माझं नाव पुकारलं. माइक हातात आला. जे बघितलं ते सांगायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

"नाना," मी म्हटलं, "मी ब्लाउज शिवणारी बाई आहे. मला एकच मागणं करायचंय. पुढच्या वर्षी तुम्ही चाकाच्या खुर्चीत बसून या. आम्ही तुमचे पाय बघणार नाही. जे कोण काम करतं त्यांना समोर बसवा, आम्ही त्यांना प्रश्न विचारू."

हॉलमध्ये कुजबुज उठली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळून म्हणाले, "काकू, चांगल्या माणसाला खुर्चीत कशाला बसवताय? काही बरं बोला."

नानांनी माइक स्वतःकडे ओढला. मला वाटलं, रागावले. मग माइकमधून त्यांचा आवाज आला, सुनेला उद्देशून. "पुढच्या वर्षी कशाला? गाडीतली खुर्ची आण."

खुर्ची गाडीच्या डिकीतच होती. नाना तीत बसले तेव्हा त्यांच्या तोंडातून एक सुस्कारा निघाला, तो माइकने सगळ्यांना ऐकवला. मग सूनबाई पुढे आल्या. तासभर त्यांना लोकांनी चहूबाजूंनी धरलं. बहुतेकांची त्यांनी न अडखळता उत्तरं दिली. रंगाच्या कारखान्यात बुडालेल्या पैशांबद्दल म्हणाल्या, "ती चूक माझी होती, नानांची नाही." मला ते आवडलं. पण मागे बघितलं तर अर्धा हॉल ऐकत नव्हता, अर्ध्या हॉलच्या माना फोनात होत्या.

दुपारपर्यंत भाव कोसळला. चहाच्या टेबलाशी ते पुढच्या रांगेतले गृहस्थ माझ्यापाशी आले. चिडलेले नव्हते, तेच जास्त लागलं. म्हणाले, "मुलीचं लग्न काढलंय हो काकू. दोन महिने थांबला असतात तर?" हिराबाईंनी हातातला बटाटेवडा माझ्या बशीत ठेवला आणि त्या माझ्या शेजारी बसून राहिल्या.

"तुम्ही विकले का?" मी विचारलं.

"नाय. तुमी नाय इकलं ना?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. पण हात कपाळाला लावून म्हणाल्या.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. घाट चढताना ढग नव्हते, दरी तळापर्यंत स्वच्छ दिसत होती. घोट्याला हिराबाईंनी हळद-चुन्याचा लेप लावून फडकं बांधून दिलं होतं. मी मनाशी जुळवत होते, कमलला काय सांगायचं. नाना ठणठणीत आहेत? थोडं खालीवर होतंच, तू काळजी करू नकोस? गेली कितीतरी वर्षं मी तिला हेच सांगत आलेय, आणि प्रत्येक वेळी मलाच आतून काही माहीत नसायचं. लोणंद सुटलं तेव्हा ध्यानात आलं की मी मघापासून फडकं सोडून पर्समध्ये लपवलंय आणि पायात चप्पल सरळ बसते का बघतेय.

फलटणच्या स्टँडवर कमल उभी होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती, तोंडावरून कळत होतं. गाडी थांबली. मी दारात आले. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. ती माझ्या पायांकडे बघत होती, मी पहिली पायरी कशी उतरते ते.

मी दांडा धरून तिथेच थांबले. मागे लोक खोळंबले, कंडक्टर म्हणाला, "आजी, उतरा की."

"कमल," मी म्हटलं, "पाय मुरगळलाय. मला उतरवत नाही. हात दे. आणि घरी गेल्यावर फोन घेऊन माझ्याजवळ बस. तुझं खातं कसं उघडायचं ते शीक. विकायचं का ठेवायचं ते तुझं तू ठरव. मला माहीत नाही, खरंच माहीत नाही."

ती गोरीमोरी झाली. मग पुढे आली आणि दोन्ही हातांनी मला धरलं. तिचे हात गार होते, माझेही गारच होते. रिक्षापर्यंत मी तिच्या खांद्यावर सगळा भार टाकून लंगडत गेले, स्टँडवरच्या सगळ्यांच्या देखत.